डबा खासगी, रूळ सरकारी

खासगी रेल्वेगाडी कोकणात आली की चाकरमान्यांचे हाल संपतील, हे वाक्य श्रावण लागला की आमच्या सावर्ड्याच्या बाजारपेठेत दिवसातून दोनदा तरी कानावर पडते. म्हणणाऱ्यांपैकी अशा गाडीत प्रत्यक्ष बसलेले फारच थोडे असतात. फेब्रुवारीत लेकीकडे बडोद्याला जायचे ठरले तेव्हा आपण तरी एकदा बसून पाहावे म्हणून मी मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या अहमदाबाद तेजस एक्सप्रेसचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले. हे परीक्षण त्या दोन प्रवासांचे आहे. परंतु लिहिताना डोळ्यांपुढे सतत रोह्याच्या पुढचा आपला कोकण रेल्वेचा मार्ग होता, हे आधीच कबूल करतो.

प्रथम ‘खासगी’ या शब्दाचा उलगडा करायला हवा. देशातली पहिली खासगी गाडी म्हणून जिचा गाजावाजा झाला ती लखनौ–नवी दिल्ली तेजस ४ ऑक्टोबर २०१९ रोजी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ १७ जानेवारी २०२० रोजी अहमदाबाद–मुंबई तेजसला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. दोन्ही गाड्या आयआरसीटीसी चालवते, आणि ही कंपनी स्वतःच रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतली, बहुसंख्य भांडवल सरकारचे असलेली आहे. लखनौची गाडी सुरू झाल्यावर दहाच दिवसांनी या कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले, एवढाच काय तो तिच्यातला खासगी अंश. इंजिन, चालक, गार्ड, सिग्नल, स्थानके आणि रूळ हे सारे रेल्वेचे. आयआरसीटीसी रेल्वेला गाडी ओढण्याचे शुल्क देते आणि त्या बदल्यात तिकिटाचा दर, खाणेपिणे, डब्यातले सेवक आणि सोयी यांचा कारभार तिच्याकडे राहतो. भाडेकरूने खोली घ्यावी, आतून रंग द्यावा, चांगले पडदे लावावेत, पण नळाला पाणी किती वाजता सोडायचे ते मात्र मालकाने ठरवावे, तसा हा मामला आहे.

आपल्याकडच्या तेजसशी हिची गल्लत करू नये. २२ मे २०१७ रोजी तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मुंबई–करमाळी मार्गावर जी तेजस सुरू केली आणि जी पुढे मडगावपर्यंत जाऊ लागली, ती पूर्णतः रेल्वेचीच गाडी आहे. पहिल्याच फेरीनंतर तिच्यातले हेडफोन गायब झाले होते आणि खुर्च्यांसमोरचे टीव्हीचे काही पडदे फुटले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तेजस हे डब्यांच्या जातीचे नाव आहे, मालकाचे नव्हे.

आता प्रवासाबद्दल. मुंबई सेंट्रलला दुपारी चारच्या सुमारास सुटणारी ही गाडी सुरतवरून रात्री बडोद्याला आणि पुढे अहमदाबादला पोहोचते. सुरुवातीला तिला दोन एक्झिक्युटिव्ह आणि आठ साध्या चेअर कारचे मिळून दहा डबे होते व त्यांत ७३६ प्रवाशांची सोय होती. मी साध्या चेअर कारमध्ये बसलो. दार आपोआप सरकते, आत शिरताच डबा नुकता पुसल्याचा वास येतो, खुर्चीचे कापड स्वच्छ असते आणि पाय लांब करता येतात. माझ्याजवळ कुळथाचे पीठ, आमसुले आणि लेकीसाठी हिने घातलेल्या लोणच्याची बरणी असे सामान एका तागाच्या पिशवीत होते. अशा पिशवीकडे वातानुकूलित डब्यात कसे पाहिले जाते ते मला ठाऊक असल्यामुळे मी ती पायाशीच ठेवणार होतो. तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आली, “काका, काचेचं काही आहे का आत?” असे तिने मराठीत विचारले, आणि होकार मिळताच पिशवी दोन्ही हातांनी उचलून वरच्या फळीवर शेजारच्या दोन बॅगांच्या मधोमध अशी बसवली की बडोद्यापर्यंत ती तसूभर हलली नाही. चाळीस वर्षांच्या रेल्वे प्रवासात माझे सामान दुसऱ्या कोणी जपून ठेवल्याची ही पहिली वेळ.

चहा, फराळ आणि जेवण गरम व नीटनेटके होते, पाणी मागण्याआधी मिळत होते, स्वच्छतागृह बडोद्यापर्यंत तितकेच स्वच्छ राहिले आणि गाडी दोन्ही वेळा वेळेवर पोहोचली. मांडवी एक्सप्रेसच्या खाण्यावर पोसलेल्या आम्हा मंडळींना बंद तबकातल्या जेवणात मन रमत नाही, ही गोष्ट वेगळी. तिथे फेरीवाल्याच्या टोपलीतून येणारा वास हाच अर्धा प्रवास असतो. सेवेपुरते बोलायचे तर मी या गाडीला पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि अर्धा गुण खिडकीच्या गडद काचेसाठी कापेन, कारण वैतरणेची खाडी मला नीट दिसली नाही.

तिकिटाचे नियम मात्र बारकाईने वाचावेत. दर मागणीनुसार वर-खाली होतो. पाच वर्षांवरील मुलाला पूर्ण तिकीट लागते, कोणतीही सवलत नाही, तत्काळचा कोटा नाही. (ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून सगळ्याच गाड्यांतून गेली आहे, त्यामुळे त्या बाबतीत आम्हाला खासगी काय आणि सरकारी काय.) सुरुवातीला तिकीटही केवळ संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर मिळत असे, आरक्षण खिडकीवर नाही. उलट बाजूला प्रवाशाला २५ लाखांचा विमा मोफत होता आणि गाडीला तासाहून अधिक उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांहून अधिक झाला तर २५० रुपये भरपाई देण्याची योजना होती.

या भरपाईची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण खासगी गाडीचा सारा पेच तिच्यात दिसतो. गाडीला उशीर होतो तो सिग्नलमुळे, रुळाच्या कामामुळे, पुढच्या मालगाडीमुळे किंवा धुक्यामुळे, आणि यांतले काहीही गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या हाती नसते. तरीही प्रवाशाला पैसे तिनेच द्यायचे. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार आयआरसीटीसीने सुमारे साडेचार वर्षांत अशी जवळपास २६ लाख रुपयांची भरपाई दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना बंद केली. रक्कम फार मोठी नाही. पण दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरण्याचा कंटाळा सरकारी कंपनीलाही आला, तर उद्या नफ्यासाठी येणारी कंपनी तो किती दिवस भरेल?

हाच प्रश्न कोकणच्या मार्गावर नेऊन ठेवला की त्याला निराळी धार येते. मुंबई–अहमदाबाद हा जेमतेम पाचशे किलोमीटरचा दुहेरी मार्ग आहे, दोन्ही टोकांना वर्षभर व्यापारी माणसाची ये-जा आहे, आणि मध्ये सुरत-बडोद्यासारखी शहरे आहेत. आपला रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगद्यांचा, लहान-मोठ्या सुमारे दोन हजार पुलांचा, आणि रोहा–वीर हा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झालेला सत्तेचाळीस किलोमीटरांचा तुकडा सोडला तर जवळजवळ संपूर्ण एकेरी. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्यात एक गाडी शिरली की ती बाहेर पडेपर्यंत दुसरीला थांबण्याखेरीज गत्यंतर नाही. एकेरी मार्गावर टंचाई असते ती वाटेची, खुर्च्यांची नव्हे. तिथे नवी वेगवान गाडी घालणे म्हणजे दुसऱ्या दोन-तीन गाड्यांना कुठल्या तरी स्थानकात बाजूच्या रुळावर उभे करणे.

बडोद्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिव्याहून सावंतवाडी गाडी धरली, कारण सावर्ड्याला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. विन्हेऱ्याला गाडी क्रॉसिंगला लागली. आधी समोरून रो-रो आली: सपाट वाघिणींवर एकामागे एक ट्रक, आणि एका ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर घेऊन बसलेला, आरशाला त्याचा ओला टॉवेल बांधलेला. ती गेल्यावर आपल्याला सिग्नल मिळेल असे वाटून खाली उतरलेली माणसे चढली आणि पुन्हा उतरली, कारण मागून एक वेगवान वातानुकूलित गाडी येत होती. ती धडधडत निघून गेली तेव्हा तिच्या काचांवरचे पडदे ओढलेले होते. आमच्या डब्यात एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. एवढ्या वेळात तिची टोपली निम्मी झाली. याबद्दल कोणाला दोष द्यावा असे काही नाही, एकेरी मार्ग असाच चालतो. फक्त कोण कोणासाठी थांबणार याचा क्रम तिकिटाच्या किमतीवरून ठरत गेला की शेंगावालीचा धंदा वाढतो आणि दिव्याहून निघालेल्या माणसाचा दिवस संपतो.

कोकणात अशा गाडीचे भवितव्य काय, याचा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लागू असते आणि त्या काळात दरडींच्या भीतीमुळे वेग कमी ठेवावा लागतो, धोक्याच्या जागी गस्त घालावी लागते. २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत जाते, पण पावसाळ्यात तिला सुमारे दहा तास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरात; म्हणजे पावसाळी वेळापत्रकाच्या बाहेर ते कधीच पडत नाहीत. ज्या दहा-बारा दिवसांच्या गर्दीवर डोळा ठेवून कोणी गुंतवणूकदार या मार्गावर गाडी आणेल, नेमक्या त्याच दिवसांत हा मार्ग सर्वांत संथ आणि सर्वांत भरलेला असतो. रेल्वेच त्या काळात साडेतीनशेहून अधिक जादा फेऱ्या सोडते. त्यांतून आणखी वाट काढायची कुठून?

शिवाय ही गर्दी एकतर्फी आहे. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस मुंबईहून खाली येणारी प्रत्येक गाडी ओसंडून वाहते आणि परत जाणारी निम्मी रिकामी असते; गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर हे चित्र नेमके उलटे होते. शिमग्याला आणि मे महिन्यात थोड्याफार फरकाने हेच. सरकारी गाडीला रिकामी फेरी परवडते, कारण तिचा तोटा कुठल्या तरी मोठ्या खात्यात मुरतो. खासगी गाडीला ती परवडायची तर रिकाम्या फेरीचे पैसेही भरलेल्या फेरीतल्या माणसाकडूनच वसूल करावे लागतील. परळच्या चाळीतून निघालेले आईवडील, दोन शाळकरी मुले आणि आजी अशा पाच जणांच्या कुटुंबाला पाच पूर्ण तिकिटे, तीही चढ्या दराची, घ्यावी लागली तर गणपतीच्या खर्चातला मोठा वाटा गावच्या वेशीबाहेरच संपेल. मुळात कोकण रेल्वेवर भाडे आकारताना प्रत्यक्षापेक्षा वाढवलेले अंतर धरले जाते, म्हणजे मार्ग बांधल्याचे मोल हा प्रवासी आजवर भरतच आला आहे.

खासगी म्हणजे काय, याचा आमचा अनुभव रस्त्यावरचा आहे. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या रात्री एका बसवाल्याने माझ्याकडून एरवीच्या जवळजवळ तिप्पट पैसे घेतले, सावर्ड्यापर्यंतचे कबूल करून पहाटे चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उतरवले आणि बस इथपर्यंतच आहे असे सांगितले. पावसात मखराचे थर्मोकोल डोक्यावर धरून रिक्षा शोधत होतो, ते आजही आठवते. खासगी बसचे भाडे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक असू नये असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. तो किती पाळला जातो हे सोडा, पण निदान बोट ठेवायला एक कागद तरी आहे. खासगी गाड्यांसाठी केंद्राने जी मोठी योजना आखली होती तिच्यात भाडे ठरवण्याची मोकळीक पूर्णपणे गाडी चालवणाऱ्या कंपनीला होती.

ती योजना जुलै २०२० ची. देशभरातल्या शहरांच्या १०९ जोड्यांदरम्यान १५१ आधुनिक गाड्या, ३५ वर्षांचा करार, सुमारे ३० हजार कोटींची खासगी गुंतवणूक, असा तिचा आवाका होता. कंपनीने गाडी ओढण्याचे ठरावीक शुल्क द्यायचे, वीज वापराप्रमाणे पैसे भरायचे आणि शिवाय उत्पन्नातला वाटा रेल्वेला द्यायचा. बदल्यात खासगी गाडी सुटल्यावर त्याच मार्गावर साधारण तासाभरात तशीच दुसरी गाडी रेल्वेने सोडू नये, असे एक आश्वासनही होते. दुहेरी-चौपदरी मार्गावर हे कलम निरुपद्रवी वाटेल, परंतु कोकणच्या एकेरी मार्गावर सकाळच्या वेळी तासभर मोकळा ठेवणे म्हणजे काय, ते विन्हेऱ्याला उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. प्रारंभी बड्या कंपन्यांनी रस दाखवला. जुलै २०२१ मध्ये प्रत्यक्ष बोली उघडल्या तेव्हा मेघा इंजिनीअरिंग आणि आयआरसीटीसी अशा दोघांचेच देकार होते, आणि पुढे ती प्रक्रिया गुंडाळण्यात आली. माझ्या मते याचे कारण उघड आहे. रूळ रेल्वेचा, सिग्नल रेल्वेचा, स्पर्धक गाडीही रेल्वेची आणि भांडण झालेच तर पंचाच्या खुर्चीतही रेल्वेच. स्वतंत्र नियामक असावा म्हणून रेल विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मान्यता दिली होती. तो पंच मैदानात उतरल्याखेरीज शहाणा माणूस या खेळात पैसे लावणार नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली भारत गौरव योजना ही वेगळी चीज आहे. तिच्यात खासगी संस्थेने डबे भाड्याने घेऊन पर्यटनाची सहल चालवायची. जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून शिर्डीला गेलेली गाडी ही त्यातली पहिली. तिच्यात राजापूर रोडचे तिकीट काढून आजोळी जाता येत नाही, म्हणून ती या चर्चेत धरत नाही.

मग कोकणात अशा गाडीला काहीच जागा नाही का? अगदीच नाही असे मी म्हणणार नाही. नाताळ ते नववर्ष आणि मे महिन्याचा पूर्वार्ध या कोरड्या दिवसांत गोव्याकडे जाणारा, चढा दर खुशीने देणारा प्रवासी भरपूर आहे, आणि रात्रीची एक शयनयान गाडी, आतल्या सेवेचा भार चोख कंपनीकडे देऊन, चालू शकेल. मात्र थांबे कुठे आहेत यावर तिची परीक्षा होईल. वंदे भारत खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते. चिपळूण आणि सावंतवाडीवरून ती पुढे निघून जाते. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी वाहून नेणारी रो-रो सुरू केली तेव्हाही हाच धडा मिळाला. मोटारीमागे ७ हजार ८७५ रुपये दर ठेवून कोलाडहून थेट गोव्यातल्या वेर्ण्याला जाणारी ती सेवा होती. कणकवली-मालवणच्या माणसाने आपली गाडी गोव्यात उतरवून उलट का यायचे, हे कळल्यावर नांदगाव रोडचा थांबा द्यावा लागला. कोकणी माणूस गोव्याला जात नाही, तो घरी जातो.

खरी अडचण पैशाची आहे आणि ती डब्यांत घालण्याच्या पैशाची नाही. दुपदरीकरण रखडले ते महामंडळाजवळ भांडवल नव्हते म्हणून. कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली आहे. त्यातून वीरपासून खाली दुसरा रूळ पडला तर त्यावर कोणाची गाडी धावते याने मला फारसा फरक पडत नाही. तिच्या खुर्च्या अहमदाबाद तेजससारख्या असाव्यात आणि ती चिपळूणला थांबावी एवढेच मागणे राहील. दुसरा रूळ नसताना मात्र अशी गाडी इथे आणण्याला माझा विरोध आहे.

कोकणातून गुजरातेत जाणाऱ्यांसाठी व्यवहारातली एक-दोन माहिती देतो. ही तेजस रोज धावत नाही, तेव्हा वार पाहूनच कोकणातल्या गाडीचे आरक्षण करावे. सामान असेल तर मुंबई सेंट्रलला जाण्याची यातायात करण्यापेक्षा दादरहून लोकलने बोरिवली गाठून तिथे गाडी पकडणे बरे, पण तिथला थांबा अगदी थोडा असल्यामुळे डबा कुठे येतो ते फलाटावरच्या फलकावर आधी पाहून ठेवावे. आणि लोणच्याची बरणी असेल तर सेवकाला तसे सांगावे. माझी बरणी बडोद्याला पोहोचली तेव्हा झाकणावरचे फडके जसेच्या तसे कोरडे होते.